ऐंशी मीटर पाणी

रविवारी दुपारी बाराला अठरा कमी असताना सइराकानचा फोन वाजला. गावचा पोलीस एर्मेक बोलत होता. धावत असावा, कारण दर शब्दाला धाप लागत होती.

"एजे, नदीला पाणी किती आहे?"

गावात सगळे सइराकानला एजे, म्हणजे ताई, म्हणत. हा प्रश्न तिला नवा नव्हता. गेली बावीस वर्षं ती कोक-जारच्या पुलाखाली रोवलेल्या पट्टीवर नदीचं पाणी मोजत होती. सकाळी आठला एकदा, रात्री आठला एकदा. आकडा वहीत लिहायचा आणि हवामान खात्याला कळवायचा. पण रविवारी दुपारी हा आकडा कुणाला लागत नाही.

"सकाळी एक मीटर बारा होतं. का रे?"

"खाली जाऊन परत बघा. आणि ग्रुपवर काय आलंय ते ऐका."

ती पायऱ्या उतरता उतरताच ऐकू लागली. पुरुषाचा आवाज होता, घोगरा, तोंडावर फडकं धरल्यासारखा. 'भावांनो, मी तळ्यावरच्या चौकीतून बोलतोय. आत्ता आठ वीस झालेत. बांध गेला. ऐंशी मीटर उंच पाण्याची भिंत निघालीय, दहा मिनिटांत कोक-जारला पोचेल. पुलाकडे जाऊ नका. वरच्या घाटानं पळा. कढया चुलीवर असतील तर राहू द्या तशाच. पाहुण्यांना घेऊन निघा.'

पट्टीवर पाणी एक मीटर बारा होतं. पाणी स्वच्छ होतं. त्यात गाळ नव्हता, फांद्या नव्हत्या, नदीचा आवाजही रोजचाच होता.

वर येईपर्यंत गाव सुटलं होतं.

त्या दिवशी गावात लग्न होतं. वरच्या टेकाडावर ओरोजच्या अंगणात चार कढया चढल्या होत्या आणि त्याची मुलगी आइदाय बाराच्या सुमाराला शेजारच्या खोऱ्यातल्या वऱ्हाडाबरोबर निघायची होती. आता त्या अंगणातून गाड्या, घोडे, माणसं घाटाकडे धावत होती. सइराकान रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. तिनं हात आडवे करून सांगितलं, की तळं इथून साठ किलोमीटरवर आहे. दहा मिनिटांत साठ किलोमीटर म्हणजे तासाला तीनशे साठ. पाणी काय, मोटारसुद्धा तशी पळत नाही. खरंच बांध फुटला असता तरी दोन-अडीच तास हाताशी होते. नदीकाठच्यांनी चालत वर यावं, बाकीच्यांनी घरी बसावं.

एका बाईनं तिला खांद्यानं बाजूला केलं. एक ओळखीचा माणूस गाडीतून म्हणाला, "एजे, आकडे नंतर."

ती पुन्हा पट्टीपाशी गेली आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत बसली. एक बारा. एक बारा. एक बारा. ज्या पुलाकडे जाऊ नका म्हटलं होतं, त्या पुलावरून तेवढ्या वेळात एकच गाडी गेली. राखाडी रंगाची, शहराकडे. मागच्या सीटवर पांढरा रुमाल बांधलेली बाई होती. सइराकानला वाटलं, असेल कुणी पाहुणी.

एक वाजता घाटावरून बातमी आली. तिसऱ्या वळणावर ओरोजचा ट्रक उलटला. सात जणांची हाडं मोडली. ओरोजची आई, एक्याऐंशी वर्षांची कालिपा म्हातारी, जागीच गेली. तीन वर्षं ती अंथरुणाला खिळली होती. गादीसकट उचलून तिला ट्रकमध्ये घातलं होतं. उचलताना ती म्हणत होती म्हणे, की सइराकान सांगतेय ना पाणी येत नाही, मग मला झोपू द्या.

हे सइराकानला दुसऱ्या दिवशी कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

*

संध्याकाळच्या आतच गुन्हेगार सापडला. निदान जिल्ह्याच्या तपास अधिकाऱ्याला तसं वाटलं. तळ्यावर पहारेकरी एकच होता, जुमाबाय. आवाज म्हणत होता, मी चौकीतून बोलतोय. मग आणखी कोण असणार? बचाव पथकाचं हेलिकॉप्टर दीड वाजता तळ्यावर उतरलं तेव्हा जुमाबाय शेगडीपाशी चहा पीत होता. बांध जागच्या जागी होता. त्याला तसंच उचलून जिल्ह्याच्या कोठडीत टाकलं.

गावानं मान डोलावली. कुणी म्हणालं आवाज त्याचाच, कुणी म्हणालं तो पितोच. ज्यांनी ती क्लिप पुढे पाठवली होती त्या सगळ्यांनी घाबरून ती पुसून टाकली होती. कुणाकडून आली, कुणालाच सांगता येईना. एकटा एर्मेक शहाणा, त्यानं आपल्या फोनवर ठेवली होती.

मंगळवारी सइराकान जिल्ह्याला गेली. सोबत वहीचं एक पान होतं.

तपास अधिकारी तरुण होता, वागायला सभ्य होता. त्यानं तिला बसायला सांगितलं.

"साहेब, तळ्यावर फोनला रेंज नाही," ती म्हणाली. "रेंज मिळते ती खाली आर्पाच्या वळणावर. घोड्यानं चार तास."

"मग खाली येऊन पाठवला असेल."

"क्लिप ग्रुपवर आली अकरा चाळीसला. त्या वेळी तो आर्पाला असता तर परत वर पोचायला त्याला पावणेचार झाले असते. तुमच्या माणसांनी त्याला दीडला चहा पिताना धरलंय."

"एखादा साथीदार असेल."

"कुठला साथीदार? मे महिन्यापासून तो एकटा वर आहे. लग्नाची बातमीसुद्धा त्याला नसेल."

"एजे," अधिकारी म्हणाला, "एक बाई मेलीय. वरून रोज फोन येतोय. तुमचं पान ठेवून जा, मी वाचतो."

त्यानं ते पान घडी करून टेबलावर ठेवलं आणि त्यावर चहाचा पेला ठेवला.

परतीच्या गाडीत सइराकान खिडकीला टेकून बसली होती. हिशेब बरोबर होता. तो बरोबर असून उपयोग नव्हता. बरोबर हिशेब आणि सुटका यांच्यामध्ये एक माणूस बसला होता आणि त्याला कुणीतरी हवं होतं. जुमाबायला सोडवायचं तर दुसरं नाव द्यावं लागणार होतं.

त्या संध्याकाळी तिनं एर्मेकला घरी बोलावलं आणि क्लिप अकरा वेळा ऐकली.

"काय खटकतंय?" एर्मेकनं विचारलं.

"तो म्हणतो आत्ता आठ वीस झालेत. दहा मिनिटांत पाणी पोचेल. म्हणजे साडेआठला. मग अकरा चाळीसला गाव कोरडं कसं? आणि आपण पळालो कशाला?"

"पळताना कोण घड्याळ बघतं? क्लिप वाटेत अडकली असेल."

"तीन तास वीस मिनिटं?"

एर्मेकनं खांदे उडवले. मग तो हळूच म्हणाला, की ग्रुपवर आता नवंच सुरू झालंय. बांध खरंच फुटला होता, सरकारनं दाबलं, असं लोक लिहितायत. सइराकाननं दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. तळं दोन किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद, सरासरी तीस मीटर खोल. ते सगळंच्या सगळं रिकामं करून साठ किलोमीटरच्या, अर्धा किलोमीटर रुंद खोऱ्यात पसरलं तर खोली होते एक मीटर. नदीपात्रात ते माणसाला ओढून नेईल, हे खरं. पण ऐंशी मीटरची भिंत उभी करायला तेवढं पाणी या डोंगरात नाहीच.

तिघांनी अंगठा दाखवला. चौथ्यानं विचारलं, की तळं तीस मीटर खोल आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं, सरकारनंच ना?

*

सातव्या दिवशी ओरोजच्या अंगणात कालिपाच्या नावानं मंडप घातला होता. राखाडी नमद्याचं तंबूघर उभं होतं, आत बायका रडत होत्या, बाहेर तेलात कणकेचे बोरसोक तळले जात होते. ओरोज साठी ओलांडलेला, ताठ माणूस, दारात काठीला धरून उभा होता. एका आठवड्यात त्याची पाठ वाकली होती. आलेल्यांना तो एवढंच म्हणत होता, की आइदाय शहरात मावशीकडे आहे, फार घाबरलीय, लग्नाचं नंतर बघू.

त्याचा मुलगा तिलेक सोमवारीच मॉस्कोहून आला होता. चार वर्षं तो तिथल्या गोदामात माल उतरवायचं काम करत होता. आजीनंच त्याला वाढवलेलं. तो आल्यापासून जेवला नव्हता, असं सगळे सांगत होते. शववाहू घोंगडीला धरून तो असा रडला म्हणे, की मौलवीला थांबावं लागलं.

दुपार कलली. नमाजाची वेळ झाली का, म्हणून कुणीतरी म्हाताऱ्यानं विचारलं. तिलेक शेजारीच बसला होता. त्यानं मनगट वळवून पाहिलं.

"दोनला दहा कमी."

म्हातारा गोंधळला. डोंगराची सावली अंगणात आली होती, मेंढ्या उतरायला लागल्या होत्या. तिलेकच्या चुलत्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मॉस्को अजून हातावरनं उतरलं नाही पोराच्या," तो म्हणाला. "पाचला दहा कमी आहेत, बाबा."

एकदोघं ओशाळं हसले. तिलेकनं घड्याळ काढून खिशात टाकलं.

सइराकानच्या हातातला बोरसोक हातातच राहिला. मॉस्को आपल्यापेक्षा तीन तास मागे. आठ वीस अधिक तीन, अकरा वीस. क्लिप आली अकरा चाळीसला. तीन तास वीस मिनिटांतले तीन तास कुठेच हरवले नव्हते. उरली ती वीस मिनिटं, एका फोनवरून दुसऱ्यावर उड्या मारत गावात यायला लागली तेवढी.

मग बाकीचं आपोआप रांगेत येऊन उभं राहिलं. तिला ते नको होतं. तिनं या पोराला पट्टीवरचे आकडे वाचायला शिकवलं होतं, तो सात वर्षांचा असताना.

ती उठून बाहेर गेली आणि कुंपणापाशी बराच वेळ उभी राहिली. गप्प बसता येत होतं. गप्प बसलं तर जुमाबाय सहा-सात वर्षं आत गेला असता. तिनं एर्मेकला हाक मारली.

*

घरामागे गवताच्या गंजीआड चौघं उभे राहिले. सइराकान, एर्मेक, तिलेक आणि ओरोज. ओरोजला आपल्याला का बोलावलं ते ठाऊक नव्हतं.

"तिलेक," सइराकान म्हणाली, "गेल्या रविवारी सकाळी आठ वीसला तू कुठं होतास? तुझ्या घड्याळात आठ वीस."

तिलेकनं तिच्याकडे पाहिलं नाही. "कामावर."

"फोन तुझाच होता?"

त्यानं खिशातल्या घड्याळावर हात ठेवला.

"हे काय चाललंय?" ओरोजनं विचारलं.

"बाइके, दादा, जरा ऐकून घ्या," ती म्हणाली. मग एकेक करून तिनं सांगितलं. बोलणारा माणूस तळ्यावर नव्हता. तिथं रेंज नाही आणि जुमाबायला जायला-यायला वेळ पुरत नाही. बोलणाऱ्यानं घड्याळात पाहून वेळ सांगितली आणि तिथेच तो चुकला, कारण त्याचं घड्याळ तीन तास मागं होतं. म्हणजे तो मॉस्कोत होता. आता मॉस्कोत आपल्या खोऱ्यातली पाच-सहाशे पोरं असतील. पण त्याला हे माहीत होतं, की त्या दिवशी गावात कढया चढल्यात आणि पाहुणे आलेत. त्याला घाटाचा रस्ता माहीत होता.

"हे तर निम्म्या खोऱ्याला माहीत होतं," एर्मेक म्हणाला. तो तिच्याच बाजूचा होता, तरी म्हणाला.

"हो. म्हणून मग मी विचार केला, की त्यात कुणाचं भलं झालं. घरं फुटली नाहीत, जनावरं गेली नाहीत. गाव तासभर रिकामं झालं आणि फक्त एकच गोष्ट मोडली. लग्न. त्यानं सगळ्यांना पुलापासून लांब पाठवलं. वऱ्हाड पुलावरूनच यायचं होतं. ते बातमी ऐकून पलीकडूनच मागं फिरलं. आणि त्या तासात पूल ओलांडला एकाच गाडीनं. मी पट्टीपाशी होते, मी पाहिली. मागं पांढरा रुमाल बांधलेली मुलगी होती."

ओरोजची काठी जमिनीत रुतली.

"पळापळीत घाबरून आइदाय मावशीकडे गेली, असं तुम्ही सांगता. तुम्हाला तसं सांगितलं गेलंय. ती त्या गाडीनं गेली. तिच्यासाठी गाडी आधीपासून उभी होती."

"तिला काही माहीत नव्हतं," तिलेक म्हणाला. इतका वेळ त्यानं धरून ठेवलेलं सगळं त्या एका वाक्यात सुटलं. "तिला एवढंच सांगितलं होतं की साडेअकराला मागच्या दारानं बाहेर पड, गाडी असेल. बाकी मी केलं."

एर्मेकनं कसं ते विचारलं. तिलेकनं सांगितलं. गोदामातल्या एका पोराचा फोन घेतला, तोंडावर मफलर धरला, मॉस्कोतल्या गाववाल्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि दहा मिनिटांनी पुसलं. सहाशे माणसं होती त्यात. पुढचं काम त्यांनी केलं.

"का?" ओरोजनं विचारलं.

"आइदाय या लग्नाला दोनदा नाही म्हणाली होती. मी तुम्हाला किती फोन केले, बाबा?"

ओरोजनं रुतलेली काठी उपसली.

"अकरा," तिलेक म्हणाला. "शेवटच्याला तुम्ही उचलून म्हणालात, शब्द दिलाय, आता मध्ये पडू नकोस. मी तीन हजार किलोमीटरवर होतो, बाबा. माझ्या हातात दुसरं काय होतं?"

पलीकडे तंबूत बायकांचं रडणं मध्येच वाढत होतं, मध्येच थांबत होतं.

सइराकानला एका गोष्टीची अजून खात्री हवी होती. ती तिनं आता विचारली. "तुला पाण्याचा वेग माहीत होता. मीच शिकवलाय तुला. मग दहा मिनिटं का म्हणालास?"

"अडीच तास म्हटलं असतं तर कुणीतरी तुम्हाला विचारायला आलं असतं."

तिनं मान हलवली. तेच तिला वाटलं होतं. आकडा अडाणीपणानं चुकला नव्हता. ज्याला बरोबर आकडा येत होता त्यानंच तो मुद्दाम चुकवला होता.

"पण चोनआपाला, आजीला, कुणी हलवेल असं मला वाटलंच नाही," तिलेक म्हणाला. "घर आपलं टेकाडावर. नदीकाठचे पळतील, पाहुणे पळतील, घरातले तिथंच थांबतील. ती अंथरुणात पडून राहील. एजे, तुम्हीच सांगा, पाणी कधी या घरापर्यंत आलं असतं का?"

सइराकाननं गावातलं प्रत्येक घर पूर्वी एकदा मोजलं होतं. ओरोजचा उंबरा नदीपासून अडतीस मीटर वर होता.

हे सांगावं की सांगू नये, ते तिला ठरवता आलं नाही. पण तो तिच्याकडे पाहत होता, सात वर्षांचा असताना पट्टी वाचून झाल्यावर पाहायचा तसाच.

"तू ऐंशी म्हणालास, तिलेक," ती म्हणाली. "घर अडतीसवर आहे."

तो खाली बसला. ओरोज त्याच्याजवळ गेला, वाकला, आणि त्याला मारणार की धरणार हे त्याचं त्यालाच कळत नसल्यासारखा तसाच वाकून राहिला. शेवटी एर्मेकनंच दोघांना उठवलं.

*

जुमाबाय नवव्या दिवशी सुटला. त्याचे दोन दात गेले होते. त्याबद्दल कुणीही काही बोललं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. सइराकान त्याला घ्यायला गेली होती. गाडीत बसताना तिनं विचारलं, तळ्यावर परत कधी जाणार. तो म्हणाला, जाणार नाही, मुलीकडे जातोय. वर बसून उद्या खरंच काही दिसलं आणि मी सांगितलं तर माझं कोण ऐकणार आहे, एजे.

तिनं खात्याला पत्र लिहिलं, की चौकी रिकामी आहे. पोच आली, माणूस आला नाही.

आइदाय शहरातच राहिली. आजी कशी गेली ते तिला वडिलांनीच फोनवर सांगितलं. ते काय बोलले आणि ती काय म्हणाली, हे गावात कुणाला कळलं नाही. तिलेकची तारीख पुढच्या महिन्यात लागली. एर्मेकनं ग्रुपवर खुलासा टाकला होता, नावं न घेता. लोकांनी वाचला, हळहळले. आठवड्याभरात ती जुनी क्लिप दुसऱ्या खोऱ्यात फिरू लागली. तिच्यात आता गावाचं नाव बदललं होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला पट्टीवर पाणी एक मीटर एक्केचाळीस होतं आणि त्याला गाळाचा रंग आला होता. घाबरण्यासारखं नव्हतं. वर्षातून एकदोनदा असं व्हायचंच. सइराकाननं ग्रुपवर लिहिलं, की पाणी एकोणतीस सेंटीमीटर वाढलंय, दुपारपर्यंत आणखी वाढेल, काठावर बांधलेली जनावरं तेवढी वर घ्या.

पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं. शाळेतल्या गुलबारा बाईंनी लिहिलं होतं.

'एजे, कृपया अफवा पसरवू नका.'

खाली चौदा जणांनी अंगठा दाखवला.

सइराकाननं फोन खिशात टाकला, रबरी बूट चढवले आणि काठावरच्या पहिल्या घराचं दार वाजवलं.